थांबायचं कसं : पाटस ते सराटी, नवशिक्यांसाठी

अभिनंदन. तुम्ही आठचा आकडा काढलात, लायसन मिळवलंत, काचेवर फास्टॅग चिकटवलात. महामार्गाचं निम्मं शिक्षण इथे पुरं झालं. उरलेलं निम्मं म्हणजे थांबणं. ते आरटीओच्या परीक्षेत येत नाही. ते ज्याचं त्याने रस्त्यावर शिकायचं असतं, आणि बहुतेकांवर ती पाळी ऐन घाईच्या वेळी येते.

या मार्गदर्शिकेची हद्द पाटसच्या टोलनाक्यापासून सराटीच्या नीरा नदीपर्यंत. आम्ही इंदापूर तालुक्यातले. पाटस दौंड तालुक्यात, पण तिथेच रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता सरळ भिगवण, पळसदेव करत इंदापूरला जातो. हा पुणे-सोलापूर महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर नऊ होता, आता पासष्ट आहे. आमच्याकडचे लोक अजून त्याला नुसतं ‘हायवे’ म्हणतात. दुसरा उजवीकडे वळून बारामती, काटेवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरलाच येतो. तो संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, नंबर ९६५ जी. पहिला गाड्यांसाठी बांधला. दुसरा आधी चालणाऱ्यांचा होता, मग त्यावर गाड्या आल्या. हा फरक आता किरकोळ वाटेल. पुढे कामाला येईल.

आधी एक गैरसमज दूर करू. नवशिक्याला वाटतं, एवढा चौपदरी रस्ता केलाय तर कुठेतरी बसायला, तोंड धुवायला, लघवीला सरकारी जागा असेलच. अमेरिकेत अशा जागा आहेत. तिथल्या व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये पैसे वाचवायला आपल्या ४२ विश्रांतीस्थळांपैकी १९ बंद केली. लोक एवढे चिडले की पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडावी लागली. असली नामुष्की आपल्यावर यायची भीती नाही. बंद करण्यासाठी ते आधी बांधावं लागतं. आपल्याकडे जे बंद पडलं ते सरकारने उघडलेलंच नव्हतं. ते कुणाच्या तरी मामाने उघडलं होतं.

साहित्य

पाच-दहाची सुटी नाणी, साबणाचा कागद, जुनं वर्तमानपत्र, पाण्याची बाटली. पाणी पिण्यासाठी नाही. आमची आत्या सोलापूरला जायची तेव्हा स्वारगेटला गाडीत बसण्याआधी दोन तास पाणी सोडायची. एकादशीला अन्न सोडावं तसं. लांबचा प्रवास, वर उन्हाळा. “कशाला ग आत्या?” असं एकदा लहानपणी विचारलं, तर म्हणाली, “तुला नाही कळायचं, तू मुलगा आहेस.” तिचं बरोबर होतं. पुरुषासाठी अख्खा महामार्ग हेच स्वच्छतागृह आहे आणि त्याला किलोमीटरचे दगडही लावलेले आहेत. या मार्गदर्शिकेतले निम्मे धडे पुरुषांनी वाचले नाहीत तरी चालतील.

पाट्या वाचायला शिका

‘विश्रामगृह’ ही पाटी दिसली तर भुलू नका. पाटीवर ‘शासकीय’ हा शब्द बारीक आणि ‘विश्रामगृह’ ठळक असतो. आत मोठी झाडं, गार व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, आणि गणवेशातला खानसामा असतो. दमलेल्या माणसासाठी यातलं काहीही नसतं. इथे जे थांबतात ते दमलेले नसतात, त्यांची बैठक असते. बारामतीला आणि इंदापूरला बैठकांना तोटा नाही. निवडणुकीच्या हंगामात आवारात एवढ्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतात की नवशिक्याला तो ढाबाच वाटतो आणि तो ब्लिंकर देऊन वळतो. वळू नये. फाटकावरचा माणूस तुम्हाला “कुणाकडे आलात?” असं विचारेल. “स्वतःकडे” या उत्तराला तिथे प्रवेश नाही.

‘फॅमिली गार्डन’ या पाटीचा अर्थ वेगळ्या धड्यात येईल. ‘येथे वाहन उभे करू नये’ या पाटीखाली वाहन उभं करावं, सावली तिथेच असते.

एसटीतून थांबणं

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात शिस्तीचा प्रकार. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. तेव्हापासून थांबण्याचा निर्णय प्रवाशाकडून कंडक्टरकडे गेला. ‘गाडी दहा मिनिटं थांबेल’ हे वाक्य कानावर पडल्यावर नवशिका घड्याळ बघतो. मुरलेला प्रवासी ड्रायव्हरकडे बघतो. ड्रायव्हर कुठल्या दारातून आत गेला ते लक्षात ठेवायचं आणि ते दार नजरेआड होऊ द्यायचं नाही. दहा मिनिटं म्हणजे त्याची भाजी येऊन ताट पुसेपर्यंतचा वेळ.

हॉटेल ‘अधिकृत थांबा’ असेल तर तुम्हाला एक हक्क आहे, जो जवळपास कुणी बजावत नाही. महामंडळाची एक योजना आहे: तिकीट दाखवा, तीस रुपयांत चहा आणि शिरा, पोहे, उपमा, वडापाव, इडली, मेदूवडा यांपैकी एक काहीतरी. प्रयोग म्हणून एकदा मागून बघा. मी एका हॉटेलात मागितलं. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याला पाढे म्हणायला सांगितले. मग आतल्या पोऱ्याला हाक मारली, पोऱ्याने दुसऱ्याला, दुसरा म्हणाला नाश्ता संपला. समोरच्या ताटात पोहे होते. ते ‘बाहेरचे’ होते. एवढ्यात डबल बेल झाली आणि माझा हक्क हॉटेलातच राहिला.

टोलनाका आणि पेट्रोल पंप

थोडक्यात आटोपतो. टोलनाक्यावर स्वच्छतागृह असतं. टोल भरताना ते डाव्या हाताला दिसतं, पण तेव्हा तुम्ही उजव्या लेनमध्ये असता. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यावर रेंगाळायचं कारणच संपलं. नाक्यावरच्या रांगेत शेंगा, काकडी, बोरं विकणाऱ्या बायकांचा धंदाही त्याच रांगेबरोबर संपला. रांग जावी यासाठी सगळ्यांनी नवस केले होते. रांगेवर कुणाची चूल पेटते हे कुणी मोजलं नव्हतं.

पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यायचा नियम आहे. नियम आहे म्हणूनच स्वच्छतागृहाला कुलूप आहे. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. किल्लीला हरवू नये म्हणून वीतभर लाकडाचा ठोकळा बांधलेला असतो, तो हातात घेऊन सगळ्या गाड्यांसमोरून चालत जायचं. ज्या बाईला हे जमलं तिला पुढे आयुष्यात कशाची लाज वाटत नाही.

ढाबा, बाज आणि पाचशे मीटर

ड्रायव्हर लोकांचं थांबणं हे खरं थांबणं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ठरवलं होतं की पाच तास सलग काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, आणि दिवसाचं काम साधारण आठ तासांचं. कायद्याने अर्धा तास दिला, पण तो घालवायचा कुठे ते सांगितलं नाही. ते ढाब्याने सांगितलं. जेवलात की मागची बाज फुकट. नायलॉनच्या पट्ट्यांची, मधे झोळ आलेली, पायाकडून कुत्रं झोपलेली बाज. त्या बाजेवर या देशाचा अर्धा माल झोपून पुढे गेलेला आहे.

मग १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूची विक्री नको, १ एप्रिल २०१७ पासून. पिऊन गाडी चालवणारे माणसं मारतात, तेव्हा निकालाच्या हेतूशी भांडण नाही. पण महामार्गावरच्या कितीतरी हॉटेलांचं पोट परमिट रूमवर चालायचं आणि त्या पोटाच्या आधाराने मागच्या बाजा टिकून होत्या. दारूचा नफा गेला तसा झोपेचा फुकटपणाही गेला. केरळातल्या एका बारवाल्याने दारासमोर भुलभुलैया बांधला, म्हणजे गिऱ्हाईक चालून चालून पाचशे मीटर भरतात. आमच्याकडे एवढी कल्पकता नाही. आमच्याकडे पेंटर बोलावला. ‘परमिट रूम’ वर चुना फिरला, वर ‘फॅमिली गार्डन’ आलं. उन्हं कलली की चुन्याखालून जुनी अक्षरं अजून वाचता येतात. पुढे न्यायालयाने छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर केलं, मग शहरांच्या हद्दीला सूट दिली. तोवर ज्यांचं शटर पडायचं ते पडलेलं होतं.

नवशिक्याने ढाबा कसा ओळखावा? बाजा मोजाव्यात. जिथे बाजा आहेत तिथे जेवण बरं असतं. जिथे बाजेच्या जागी प्लास्टिकचं जिराफ आणि सेल्फी पॉइंट आहे तिथे तुम्हाला फक्त बिल मिळेल.

सरावासाठी : भिगवण

सगळंच उदास नाही. थांबण्याचा सराव करायचा तर भिगवणसारखी जागा नाही. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, भीमा फुगून मागे आली, शेतं बुडाली आणि हॉटेलात मासा आला. चिलापी, रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ किंवा वाम. इथे घाई करणारा फसतो. मासा तुमच्यासमोर वजन करून घ्या, “तळलेला किती वेळात?” असं विचारा, “झालाच” म्हणाले तर तो सकाळचाच झालेला आहे. “अर्धा तास लागेल” म्हणाले तर बसा. भाकरी गरम असेल तर रश्शाची वाटी दुसऱ्यांदा येते, ती नाकारू नये, तिचे पैसे लावत नाहीत.

अर्धा तास रिकामा असेल तर पाण्याकडे जा. कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, लांबून गुलाबी रेघ दिसते. दूरचा प्रवास करणारी ही मंडळी एका पायावर उभी राहून विसावा घेतात. पार्किंग नाही, पाटी नाही, कंत्राट नाही.

उन्हाळ्यात रसवंती शोधा. चरकाला घुंगरू बांधलेलं असेल आणि पाटीवर ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ असं नाव असेल तर मालक बहुधा पुरंदर तालुक्यातला, बोपगावच्या कानिफनाथाचा भक्त. उसाच्या तालुक्यात येऊन आपल्याच उसाचा रस दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाकडून विकत घ्यायचा, यात इंदापूरकराला काही वावगं वाटत नाही. आम्ही ऊस कारखान्याला घालतो. आमच्या डोक्यात उसाचा एकच उपयोग आहे, वजनकाटा.

दुभाजकातलं पंक्चर

हा धडा लांबेल, कारण तो आमच्या घरचा आहे.

पळसदेवच्या पुढे हायवेच्या कडेला माझ्या मामांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पुढे ओटा, ओट्यावर भट्टी, भट्टीशेजारी कढई. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा आजोबांना बैलजोडीसकट उठून वर यावं लागलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं, गाड्या थांबवून लोक बघायला जातात. आजोबा कधी गेले नाहीत. “आपलं घर काय वर येत नाही,” म्हणायचे. जमीन गेली, हाताशी थोडे पैसे आले, त्यातून रस्त्याकडेला ही शेड उभी राहिली. पुढे एक लिंब होता. हॉटेलचं नाव काहीही असलं तरी ड्रायव्हर लोक ‘लिंबाखाली’ म्हणायचे.

रस्ता तेव्हा दुपदरी. पुण्याकडून येणारा आणि सोलापूरकडून येणारा, दोघांनाही लिंब दिसायचा. रात्री दोन वाजता मामी भजी तळायची. समोरासमोर उभे राहिलेले ट्रकवाले एकमेकांच्या गाडीतली तंबाखू मागायचे, पुढे कुठे पोलीस उभे आहेत ते सांगायचे. आंध्रचा ड्रायव्हर आणि गुजरातचा ड्रायव्हर आमच्या ओट्यावर मराठीत बोलायचे, कारण मामांना दुसरी कुठली भाषा येत नव्हती.

चौपदरीकरण आलं. मोजणीवाले आले, चुन्याची फक्की मारली, ती नेमकी भट्टीच्या मधून गेली. मामांनी भट्टी आठ फूट मागे घेतली. लिंब मागे घेता येत नाही. तो एका दुपारी गेला. संध्याकाळी मामी म्हणाली, “आता ‘लिंबाखाली’ म्हणजे कुठं थांबायचं त्यांनी?” मामा म्हणाले, “सवयीनं थांबतील.” थांबले बी. वर्षभर.

मध्ये दुभाजक झाला. आमच्या समोर त्याला एक फट ठेवली होती, की कुणी रात्री पाडली होती, यावर गावात दोन मतं आहेत. मामांचं मत विचारलं तर ते चहा ओततात. अशा फटीला आमच्याकडे ‘पंक्चर’ म्हणतात. महामार्गावरच्या निम्म्या हॉटेलांचा संसार एकेका पंक्चरवर चाललेला असतो. पंक्चर वाईट, हे मला मान्य आहे. मोटारसायकलवाला तिथून आडवा घुसतो, समोरून शंभरच्या वेगाने गाडी येते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी. आमच्याच पंक्चरवर दोनदा झालं. एकदा मामा स्वतः धावत गेले होते, हातात चहाचा फडका घेऊन, दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणून.

मग एका सकाळी क्रेन आली आणि सिमेंटचे ठोकळे मांडून गेली. पंक्चर निघालं. बरोबरच झालं. पण त्या दिवसापासून सोलापूरकडून येणाऱ्या गाडीला मामांच्या चहासाठी तीन किलोमीटर पुढे जाऊन वळावं लागतं, आणि परत जाताना पुन्हा तेवढंच. दहा रुपयांच्या चहासाठी कोण डिझेल जाळणार? अर्धा हायवे एका सकाळी बंद झाला. त्याची कुठे नोंद नाही, कारण हॉटेल बंद झालेलं नाही. ते एका बाजूने उघडं आहे.

नवशिक्याने या धड्यातून एवढंच घ्यावं: हॉटेल तुमच्या बाजूला आहे की नाही ते आधी बघा. पलीकडे असेल तर चहाची तलफ पुढच्या तालुक्यापर्यंत लांबवा.

ज्यांना थांबणं येतं, त्यांच्याकडून शिका

आता पालखी मार्गावर या. इथे थांबण्याचं शास्त्र जुनं आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून वारकऱ्यांचा जनसमुदाय दर आषाढात या वाटेने जातो. त्यांच्या वेळापत्रकात जाणं कमी आणि थांबणं जास्त आहे. न्याहारीची जागा ठरलेली, दुपारचा विसावा ठरलेला, रात्रीचा मुक्काम ठरलेला. ‘विसावा’ हा शब्दच बघा. याच्यासाठी आपण आता ‘वेसाइड अ‍ॅमिनिटी’ असं म्हणतो आणि त्याची निविदा काढतो.

बारामतीला शारदा प्रांगणात मुक्काम. पुढे काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, मग मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्यांना कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्या पालखीभोवती फिरतात आणि बाजूला होतात. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांना हे अजून जमलेलं नाही. बेलवाडीला गोल रिंगण, अश्व धावतो, लोक त्याच्या टापांची माती कपाळाला लावतात. निमगाव केतकी, मग इंदापूर, मग सराटी. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी पलीकडे अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात जाते. चालायला सुरुवात करून दोन आठवडे झालेले असतात आणि लाखभर माणसांत कुणी “पुढचं टॉयलेट किती लांब?” असं ओरडलेलं नसतं. टॉयलेट पुरेशी असतात म्हणून नव्हे. पुढे कुणीतरी आपली वाट बघत थांबलंय, हे माहीत असतं म्हणून. काटेवाडीत, सणसरमध्ये, निमगावात घरोघरी पिठलं-भाकरी तयार असते, न्हाणीघरं उघडी असतात. आमच्या आत्याने आयुष्यात एकदाच या रस्त्याने पोटभर पाणी पीत प्रवास केला, तो वारीत.

मध्यंतरी हे सगळं रिकामं राहिलं. २०२० मध्ये टाळेबंदी होती, ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रिंगण नाही, मुक्काम नाही. तीनशे पस्तीस वर्षांचं थांबणं त्या वर्षी एका दिवसाच्या प्रवासात मावलं. हायवेवरची हॉटेलंही त्याच काळात बंद होती. मामा शेडमध्ये बसून होते, भट्टी गार, आणि रात्री ट्रकवाले नुसते हॉर्न वाजवून पुढे जायचे. माल थांबला नव्हता, तेव्हा ड्रायव्हरही थांबले नव्हते. त्यांनी काय खाल्लं, कुठे झोपले, देव जाणे.

८ नोव्हेंबर २०२१ ला पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटस ते तोंडले-बोंडले साधारण १३० किलोमीटर, आणि वारकऱ्यांना चालायला दोन्ही बाजूंनी वेगळी वाट, असं जाहीर झालं. गाडीवाल्यांनी हे नीट वाचावं. बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत ज्याच्या पायांचा आणि विसाव्याचा विचार रस्त्याच्या नकाशातच केलाय असा माणूस एकच, वारकरी. तोही तीनशे वर्षं न विचारता थांबत आला म्हणून. मात्र रुंदीकरणात या वाटेवरची जुनी वडा-लिंबाची झाडं गेली. वारकरी सावलीला बसायचा. आता त्याला चालायला उत्तम वाट आहे आणि बसायला डोक्यावरचा पदर.

प्रगत अभ्यासक्रम : भविष्य

भविष्य चांगलं आहे, तसं छापून आलंय. राष्ट्रीय महामार्गांवर देशभर सहाशेहून अधिक ठिकाणी रस्त्याकडेच्या सोयी उभ्या करायच्या ठरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘हमसफर’ नावाचं धोरण आलं: स्वच्छ टॉयलेट, बाळाला पाजायला खोली, व्हीलचेअर, विजेच्या गाडीला चार्जिंग, ड्रायव्हरला झोपायला जागा. यातली पहिली आणि शेवटची गोष्ट नुसती झाली तरी मी धोरणकर्त्यांना पळसदेवला बोलावून चहा पाजीन, पुण्याकडून आले तर.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण समोर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा रस्ता आरशासारखा आणि चहा मिळायची मारामार. लोक घरून डबे नेत होते, कडेच्या पट्टीवर सतरंजी टाकून जेवत होते. माणूस तासन् तास सरळ बघत राहिला की उघड्या डोळ्यांनी झोपतो, हे ‘महामार्ग संमोहन’ महाराष्ट्राला तेव्हा नव्याने कळलं. दुपदरी हायवेवर ते व्हायचं नाही. दर दहा मिनिटांनी समोरून ट्रक अंगावर यायचा.

माझी शंका सोयीबद्दल नाही, दुकानाबद्दल आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल बघितलाय ना? तिथल्या वड्याची किंमत ऐकून भूकच मरते. जपानमध्ये १९९३ पासून ‘मिची नो एकी’ म्हणजे रस्त्यावरची स्टेशनं आहेत, आता बाराशेच्या वर. पार्किंग आणि टॉयलेट चोवीस तास फुकट, आणि दुकानात त्याच गावचा माल. इंदापूरला असं स्टेशन झालं तर काय काय मांडता येईल, नुसतं आठवा: डाळिंब, पेरू, द्राक्ष, उजनीचा मासा, गुळाची ढेप. आज हायवेच्या पट्टीवर एक बाई टोपलीत पेरू घेऊन, डोक्यावर पोत्याची खोळ करून बसलेली असते. तिला तिथे एक कट्टा मिळाला तर विश्रांतीस्थळ झालं म्हणायचं. तिला उठवून तिचाच पेरू प्लास्टिकच्या डब्यात चार फोडी करून शंभराला विकला तर ती वेसाइड अ‍ॅमिनिटी.

अंतिम प्रात्यक्षिक

रात्री अडीच-तीनच्या सुमारास, सोलापूरकडून पुण्याला जात असाल आणि पळसदेव जवळ आलं असेल, तर गाडी डाव्या पट्टीवर घ्या. धोक्याचे दिवे लावा. पलीकडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक बल्ब दिसेल. त्या दिशेला तीनदा डिपर मारा. हॉर्न नको, मामी झोपलेली असते.

दोन मिनिटांनी एक माणूस एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात तारेच्या जाळीत सहा ग्लास घेऊन निघेल. दोन्ही बाजू बघून रस्ता ओलांडेल, सिमेंटच्या ठोकळ्यावर जाळी ठेवेल, दम खाईल. पुढे येणार नाही, गुडघे राहिलेले नाहीत. ठोकळ्यापर्यंत तुम्ही जायचं. हे बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही, मी त्यांना दरवेळी सांगतो. ते म्हणतात, जुनी गिऱ्हाइकं आहेत.

चहा उभ्याने प्यायचा. साखर जास्त असते. पैसे ग्लासखाली ठेवायचे, म्हणजे गाड्यांच्या वाऱ्याने उडत नाहीत, आणि ग्लास ठोकळ्यावरच ठेवून जायचं. हे विसरू नका. उजाडलं की मामा जाऊन गोळा करतात. परवा सहा नेले होते, पाच मिळाले.